मागचं पान

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी
जिन्याखाली गाडीचा स्टँड लागतो,
आणि मैंदर्गीचा शरणबसू वर येतो.
चपला बाहेर. हात कोपरापर्यंत साबणानं धुवून
मग म्हणतो, "आजोबा, कूस बदलू या."

पहिल्या दिवशी मला त्याच्या हातांचा रागच आला.
किती सहज उचललं त्यानं नायनांना,
एक हात खांद्यांखाली, एक गुडघ्यांखाली,
आधी सांगून, मग उचलून.
मी वर्षभर ओढत होते.
ओढणं आणि उचलणं यात फरक असतो
हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

साखर पेठेतली मावशी म्हणाली,
"पोटची पोर घरात असताना पगारी माणूस?"
काय सांगणार होते तिला?
की पाच दिवसांनी पाणी आलं त्या रात्री
तीन वाजता बॅरल भरताना
नायनांनी हाक मारली, चादर ओली झाली होती,
आणि मी म्हणाले
नाही, ते इथे लिहिणार नाही.
यंत्रमागानं त्यांचे कान कधीच नेलेत,
पण ओठ वाचता येतात त्यांना.
कारखान्यात सगळे तसेच बोलायचे.

पाठीवर रुपयाएवढी जखम होती तेव्हा.
शरणबसूनं मोजपट्टी धरली,
वहीत लिहिलं : अडीच सें.मी.
मला वाटलं, माझंच काहीतरी मोजलं जातंय.
पुढच्या सोमवारी दोन. मग दीड.
उन्हाळा चव्वेचाळीसवर गेला त्या आठवड्यात :
बंद.

उजवा हात वर, खाली, दहा वेळा.
तो कानडीत मोजतो, ओंदू, एरडू, मूरू,
नायना त्याचे ओठ बघतात
आणि चिडून तेलुगूत दुरुस्त करतात,
ओकटी, रेंडू, मूडू.
झटक्यानंतर अडकलेली जीभ
भांडायला म्हणून सैल होते.
रविवारी मराठीत मोजायची पाळी माझी.
सातावर पोचले की दोघं मिळून मला फसवतात,
"चुकलीस. पुन्हा एकपासून."

स्वस्त नाही हे. महिन्याला अठरा हजार.
अर्धे श्रीहरी हैदराबादहून पाठवतो,
अर्ध्यांसाठी मी भिशी मोडली.
पण शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिताना
आता पोरांच्या जन्मतारखा चुकत नाहीत माझ्या,
आणि संध्याकाळी घरी आले की
मी नायनांजवळ नुसती बसते.
नुसतं बसणं मी विसरले होते.
आमटीत भिजवलेली कडक भाकरी भरवते,
तेही हौस म्हणून.

तो गेल्यावर वही वाचते :
१०.०० बीपी १३०/८०
११.३० डावी कूस
१.०० पेज, अर्धी वाटी, ठसका नाही
३.२० आजोबा हसले. कारण विचारलं नाही.
या शेवटच्या ओळीचा फोटो श्रीहरीला पाठवला.
त्यानं अंगठा नाही पाठवला या वेळी.
फोन केला. बराच वेळ बोललाच नाही.

काल वही मिटताना
शेवटचं पान बोटांना खरखरीत लागलं.
भोकं. शेकडो. ओळीनं.
नायनांनी चाळीस वर्षं हेच केलं,
चादरीवरची नक्षी आधी पुठ्ठ्यावर पंच करायची,
माग ती वाचत जायचा.
पण ही डाव्या हातानं पाडलेली, थोडी तिरकी.
नोंद शोधली. होती :
दुपारी. काम चालू. दाभण परत घेतलं.

पान ट्यूबलाइटसमोर धरलं.
भिंतीवर उजेडाचे ठिपके हलले,
एक पाकळी वाटली, किंवा मोराची मान,
अर्ध्यातच थांबलेली.
"कुठलं फूल, नायना?" ओठ सावकाश हलवत विचारलं.
त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं,
उशीखाली सारलं.
"अजून ओळी आहेत," म्हणाले,
"उद्या तो आला की."