दूधकट्ट्यावर मास्तर

रात्री साडेदहाला गंगावेशीत
म्हैस उभी असते वैतागलेली,
मागं स्कुटरींची रांग,
आणि चरवीत पडणाऱ्या धारांचा आवाज,
त्याच्यावर आवाज चढवूनच बोलावं लागतं.
आम्ही तसंही चढवूनच बोलतो.

विषय निघाला नाही असा शनिवार नाही.
दिनकर इंगवले. मास्तर. चार सीझन.
दोन कप, एका वर्षाची बंदी,
आणि जाताना खालच्या तालमीची सुपारी खिशात.

"त्यानं आपल्याला पास द्यायला शिकवलं,"
जहांगीर अत्तार म्हणतो, मिशीवर फेस.
"त्याच्या आधी काय खेळत होतो आपण?
बॉल दिसला की हाण.
गोल झाला की मारामारी,
गोल नाही झाला की मारामारी."

"आणि नायजेरियातनं तीन पोरं उचलून आणली ती?"
सदा सुतार उठूनच उभा राहतो.
"पेठेतली पोरं बाकावर!
गुरवांचा सुन्या बूट बांधून बांधून म्हातारा झाला."

"त्यातलाच एमेका तुझ्या घरात जेवत होता नव्हं?
तांबड्या रश्श्यानं डोळ्यांत पाणी आलं त्याच्या,
तर तुझ्या आईनं पदरानं..."

"ते वेगळं."

ते वेगळं.
या कट्ट्यावर सगळे वाद इथंच येऊन टेकतात,
आणि इथूनच परत सुटतात.

मी बोलायला लागलो की जरा शांत होतात,
कारण फायनलला मी मैदानात होतो.
साठाव्या मिनिटापर्यंत.
मग पुठ्ठा वर गेला, खडूनं लिहिलेला माझा नंबर,
आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर
माझ्याच गल्लीनं टाळ्या वाजवल्या,
आत येणाऱ्यासाठी.
पंच्याऐंशीव्या मिनिटाला त्याच पोरानं डावीकडनं क्रॉस टाकला.
पुढचं सगळ्या पेठेला पाठ आहे.
तालमीत फोटो आहे, बघा कधी:
सगळे मातीत लोळलेले,
एकटा मी इस्त्रीच्या ट्रॅकसूटात.

अकरा वर्षं म्हणतोय, माणूस गद्दार.
खालच्या तालमीत गेला म्हणून.
म्हणजे, लोकांनी तसं समजावं.

आज तेवढ्यात लूना आली.
हँडलला पिशवी, पिशवीत कोथिंबीर,
कानटोपी, आणि गळ्यात अजून ती शिट्टी.
"अर्धा ग्लास. साखर नको."

गुण गाणारा जहांगीर स्कुटरीमागं गेला.
शिव्या देणाऱ्या सदानं
हातातला ताजा ग्लास पुढं केला,
वर स्टूल पुसून दिलं.

"काय विषय चाललाय?"

"म्हशीचा, मास्तर," सदा म्हणाला.
"दूध कमी झालंय."

"वय झालं की होतं."

मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ.
मला वाटलं, नाव आठवत नसेल.
"तुझा उजवा गुडघा कसाय रे?
त्या दिवशी वळताना दिसला होता मला."

डावा होता.
ऑपरेशन झालं तो डावा,
थंडीत जिना चढताना मोजून शिव्या खातो तो डावा.
"बराय," म्हणालो.

ग्लास पालथा घालून, सुट्टे पैसे मोजून ते निघाले.
लूना तीन किकांत पेटली नाही.
सदानं ढकलली, पार कोपऱ्यापर्यंत,
आणि धापा टाकत परत येऊन म्हणाला,
"तर मी काय सांगत होतो,
त्या माणसानं तालमीची वाट लावली."

धारा परत सुरू झाल्या.
जहांगीर ओरडला, सदा त्याच्यावर ओरडला,
म्हशीनं शेपटीनं दोघांनाही झोडलं.
मला कुणीतरी विचारलं, "तू का गप्प?"

मी उजवा गुडघा चोळत होतो,
कधीच न दुखलेला.