पडण्याचा वर्ग

हडर्सफील्डच्या चर्चखालचं तळघर.
मॅटला व्हिनेगरचा वास, बॉयलरची घरघर.
त्रेपन्नाव्या वर्षी पांढरा पट्टा बांधतेय मी;
गाठ चुकते.

"आज फक्त पडायचं," ग्लेनरॉय म्हणतो,
निवृत्त बसचालक, गुडघ्याला पट्टी.
"हनुवटी छातीशी. जमिनीनं मारायच्या आत
तू तिला मार."

मंगळवारी समुपदेशक बाईंनी कागद दिलाय,
त्यावर तीन रकाने.
घटना: मीटिंगमध्ये पुन्हा 'डिन्यानाडा'.
विचार: मी इथे कुणीच नाही.
पुरावा:
कोरा. आठवडाभर फ्रिजवर,
गॅसच्या बिलाशेजारी.

एकवीस वेळा पडले.
बाविसाव्यांदा सोळा वर्षांच्या एलिडनं कॉलर धरली
आणि तिच्यामागून तोही आला, तो जुनाच,
मुठीत गळपट्टा घेऊन.
ढकललं नाही त्याला.
म्हटलं, ये बाबा.
कंबर जराशी वळवली

धप्.

छतावर ओलीचा डाग. ट्यूबलाइट लुकलुकतेय.
एलिड हात पुढे करते,
"लागलं का, ज्ञा… न… दा?"
अडखळत, पण बरोबर.

परतीच्या बसमध्ये
तिसऱ्या रकान्यासाठी एक छान वाक्य सुचलं होतं.
दार उघडेपर्यंत विसरले.
मग लिहिलं:
कोपर दुखतंय.