हातचे नऊ

पेम्ब्रोक डॉक. फेब्रुवारी.
शेडमध्ये वीस लिटरचं पिंप
बंदरखात्याच्या जुन्या ओव्हरकोटात गुंडाळलेलं.
बाह्या पुढे बांधल्यात,
त्यामुळे जरा रुसल्यासारखं दिसतं.

आत काळी बीअर. उकळत्या माल्टात
अर्धा किलो दुधाची साखर ओतली होती,
पिठीसारखी, वास काहीच नाही.

शेजारचा गेथिन आलाय, वय बावीस,
हातात हायड्रोमीटर, कपाळाला आठी.
"इडवाल, हे अडलंय. एक हजार चोवीस.
एकसष्टावर सुरुवात केली होती तुम्ही.
चारातले तीन हिस्से जायला हवेत,
उरायला हवेत पंधरा. यीस्ट मेलं तुमचं."

मेलं नाही रे. बस.
पेन्सिल घे, त्या खोक्यावरच मांड.
एकसष्टातले नऊ आधी बाजूला काढ,
ते दुधाच्या साखरेचे.
यीस्ट त्यांच्या दाराशी जातं,
किल्ली लागत नाही, मुकाट्याने परततं.
बावन्न राहिले.
त्यांतले एकोणचाळीस खाल्ले, तेरा उरले.
आता हातचे नऊ मिळव.
बावीस.

तो बावीसकडे बघतो, मग काचेच्या नळीकडे.
"चोवीस आहे पण."

आहे खरं.

एकतीस वर्षं मी या खाडीच्या तोंडाशी
भरतीच्या पट्टीवरचे आकडे उतरवले.
कोष्टक वर्षभर आधी छापून यायचं:
सकाळी सहा बावन्न, सहा मीटर सत्तर.
चंद्राची चूक कधी सापडली नाही.
आणि तरी पट्टीवर पाणी कधी सहा नव्वद,
कधी सहा पंचावन्न.
मधला फरक वाऱ्याचा, नाहीतर हवेच्या दाबाचा.
त्याला वहीत वेगळा रकाना होता.
मला तेवढाच रकाना आवडायचा,
बाकीचं सगळं कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं.

तर या दोनाचं असं झालं.
माल्ट पाण्यात मुरत होतं, सदुसष्ट अंशांवर.
खालची शेगडी मी मिनिटात बंद करणार होतो,
तेवढ्यात फोन. लाउरी.
अकरा महिन्यांनी.
विशेष काही नाही म्हणाली.
छपराचं काम झालं का.
आईचं शिवणयंत्र कुणाला दिलंस.
रॉसलेअरला पाऊस आहे, तुझ्याकडे?
मी म्हटलं, आहे.
मग दोघंही फोन धरून नुसती उभी राहिलो.
तिच्या मागे किटली शिट्टी घालत होती,
ती उतरवायला ती गेली नाही,
मीही जा म्हटलं नाही.

परत आलो तर बहात्तर अंश.
एवढ्या उष्णतेला माल्टातून निघते
ती साखर जरा जाड, यीस्टला न चावणारी.
तिथले ते दोन.

गेथिनला एवढंच म्हटलं, आच जास्त झाली.
त्याने खोक्यावर "आच" लिहिलं, खाली रेघ मारली.
पोरगं नीटनेटकं आहे.

लाउरीला लहानपणापासून दूध सोसत नाही.
एकदा आइस्क्रीम खाऊन
टेनबीच्या वाळूवर दुपारभर पोट धरून बसली होती.
ती किल्ली तिच्याकडेही नाही.
हे मला आज सुचलं, पेन्सिल शोधताना.
साखर ओतताना नाही.

नमुन्याचा पेला आम्ही वाटून घेतला.
"गोड आहे," गेथिन म्हणाला, "जरा जास्तच,"
आणि उरलेला माझा अर्धाही पिऊन टाकला.

रात्री पावणेतीनला आयर्लंडची फेरी निघाली.
मी जागाच होतो. वही काढली.
अंदाज बावीस. प्रत्यक्ष चोवीस.
कारण: फोन.

पुढच्या पानावर, तारीख न घालता:
माल्ट नेहमीचं. दुधाची साखर शून्य.
हातचा काही नाही.