खेप

कोपरखैरणे, माथाडी वसाहत, तिसरा मजला.
चपलांच्या कपाटावर, मीटरच्या खाली
एक डबी एकोणीस दिवस झाले
दोन हजार नऊपासूनचा हिशेब वाचते आहे,
ओळ न ओळ, कुणाचं ऐकून नाही.
आज ती दोन हजार सोळात पोचली.
वनमाला म्हणते, सावकाश आहे, तुझ्यासारखीच.

सावकाश, कारण मी तिला सरळ रस्त्यानं सोडत नाही.
सरळ गेली तर केबलवाल्या चिंतामणला कळेल
शेलारांच्या घरातून रात्रभर कुणाशी बोलणं चालतं,
आणि चिंतामणला कळलं म्हणजे
सेक्टर पंधराला कळलं.
आडवाटेवर तिला छप्पन्न अक्षरांचं नाव मिळालंय.
पाठ करायचा नाद मी दुसऱ्या दिवशी सोडला.

अण्णांनी विचारलं, यात पैसं सुटत्यात?
नाही.
मग तुझं हायेत का त्यात?
थोडे. सांगण्यासारखे नाहीत.
मग दुसऱ्याच्या पैशाची राखण कशापायी?
राखण नाही अण्णा, पडताळणी.
कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात हा शब्द
मी दिवसातून दहादा लिहितो.
घरात पहिल्यांदा उच्चारला, आणि उगाच लाजलो.

बत्तीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात काढली त्यांनी.
मानेमागं घट्टा आहे,
न्हाव्याचा वस्तरा अजून तिथं वळसा घेतो.

मग समजावायला बसलो.
निरोपावर एक साल. त्यावर दुसरी. त्यावर तिसरी.
पहिला गडी वरची साल काढतो,
आत फक्त पुढच्या गड्याचा पत्ता.
तीन माणसं माझ्या बाजूची, तीन पलीकडची,
गाठ पडते तिथं दोघांपैकी कुणाचंच घर नसतं.
या वाटेचं नावच कांद्यावरून पडलंय.

तेव्हा हसले.
मंजी टोळीच की, म्हणाले.
ट्रक कुठनं आला मला ठावं नसायचं, गिऱ्हाईक तर न्हाईच.
पाठीवर चढवली तो केरबा,
थप्पीला उतरवून घेतली तो सोपाना.
मधी मी. एवढंच मला ठावं.

आणि गोणीत?
कांदा.
कायम कांदाच?

अण्णांनी तंबाखू मळली. बराच वेळ मळली.
एक डाव एक गोणी कांद्याची नव्हती.
पाठीला कळतं.
इचारलं न्हाई. ठिवली थप्पीला.
ती तेवढी अजून उतरली न्हाई.

मी डबीकडे पाहिलं.
दिवा हिरवा होता. हिरवाच असतो.

वाराईच्या वहीत चौदा खेपांच्या अकरा व्हायच्या.
जगू मुकादमाचं अक्षर सुरेख, अण्णांचा अंगठा.
म्हणून आई रात्री दाराच्या पाठीमागं
खडूनं रेघा ओढायची, अण्णा सांगतील तेवढ्या.
शनिवारी ते वहीसमोर उभे राहायचे
आणि आपला आकडा बोलायचे.
मुकादम कधी मानायचा, कधी नाही.
पण वही एकट्या मुकादमाची उरली नव्हती.
हे मला डबी आणल्यावर सुचलं.
की आणण्याआधी, आता नक्की सांगता येत नाही.

शुक्रवारी महावितरणनं दिवसभर वीज काढली.
अण्णांचा फोन: तुझी डबी निजली.
निजू द्या. उठली की मागचं पुन्हा तपासून मगच पुढं जाईल.
शाणी हाय, म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून गेले.
पाच मिनिटं मला आमच्या घरातला अंधार ऐकू येत होता,
कुकरचं झाकण, वनमालाचं खोकणं.

संध्याकाळी दार लावलं, तर दाराच्या मागं
खडूच्या रेघा. एकोणतीस.
वीज आल्यापासून दिवा थांबून पुन्हा लागला
की अण्णांनी एक ओढली होती.
जुळतंय का बघ, म्हणाले.

स्क्रीनवर आकडा चार लाखांच्या पुढं गेला होता.
जुळण्याचा प्रश्नच नव्हता.
बघतो, म्हटलं, आणि खरंच बघत बसलो.

वनमालानं ओलं फडकं आणलं. पुसू का?
राहू दे.