ओलावा

लोखंड आधी लाल होतं,
सांगतं, आता मी जाणार.
ॲल्युमिनियम सांगत नाही.
शेवटपर्यंत पांढरं, गप्प,
आणि एकदम खाली गळतं.

हे मला दस्तगीर शिकलगारांनी शिकवलं,
उद्यमनगरात, टिगच्या मशीनपुढं, पत्र्याखाली.
"रंगावर जाऊ नगंस, लेका. चमक बघ.
पारा झाल्यागत हललं, की सळी दे."
झालेल्या जोडावरनं ते अंगठा फिरवायचे.
अंगठा थांबला, की आम्ही ग्राइंडर उचलायचो.

आता मी शिरोलीत, हिरव्या काचेमागं.
हातात सळी नाही. रोबोटच्या टोकाला
केसाएवढा किरण, तोही दिसत नाही.
धातू आधी त्याला आरशासारखा परतवतो,
मग कुठल्याशा क्षणी आत घेतो:
सुईनं पाडावी एवढी विहीर,
वाफेनं तोलून धरलेली,
शिवणीवरनं पळत जाते
आणि मागनं धातू मिटत येतो.
घाईत मिटला की पोटात बुडबुडा.

मोतीबिंदू काढल्यावर मास्तर बघायला आले.
पाहुण्यांचं पिवळं हेल्मेट त्यांना मोठं होत होतं.
"आवाजच न्हाई की रं हिचा," म्हणाले.
फिक्श्चरवर पुढचा डबा लागलेला,
बॅटरीचा, पुसून, ब्रश मारून तयार.
त्यांनी त्याच्या कडेवरनं अंगठा फिरवला.
सावकाश, कोपऱ्यापासनं चार बोटं.

ॲसिटोनचं फडकं माझ्या हातातच होतं.
पुसायचं होतं. दोन पावलांवर होतो.
मी बटण दाबलं.

एक्स-रेत बरोबर तेवढ्याच जागी
काळ्या ठिपक्यांची रांग, मोहरीएवढे,
एक जरा मोठा.
घामातलं पाणी, पाण्यातला हायड्रोजन,
निघायला वाट मिळाली नाही.

रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात
मी लिहिलं, ओलावा.
क्वालिटीच्या घोरपडे मॅडमनी विचारलं, "कुठला?"
म्हटलं, "हवेतला. पंचगंगा इथंच तर आहे."
त्यांनी माझ्याकडं बघितलं, सही केली.

डबा भंगारात गेला, भंगार भट्टीत.
आठवड्यानं मास्तरांचा फोन:
"माझ्या म्होरं लावलेला, त्यो कसा झाला?"

"एक नंबर, मास्तर."

"व्हय ना? हाताला कळलंच हुतं."