दहा किलोखालचं

जालन्याच्या एमआयडीसीत आमचा वजनकाटा
दहा किलोखालचं काही ओळखत नाही.
काट्यावर उभं राहून माणूस हसला, रडला,
खिशातली किल्ली काढून परत ठेवली,
तरी लाल आकडे हलत नाहीत.
हे आधीच सांगून ठेवतो.

मागच्या माघात, रात्री अडीचला,
सिकंदराबादहून भंगाराची गाडी आली.
ड्रायव्हर मुखेडचा, व्यंकट तोटावाड.
गज, गर्डर, शिलाई मशिनीचे पाय,
आणि सगळ्यांच्या वर दोरानं आवळलेलं
बिडाचं एक मोठं काहीतरी:
माग म्हणावा तर माग नाही,
पंख म्हणावा तर पंख नाही.
सोनेरी रंग उडालेला,
एका फळीत खुंट्या, खुंट्यांना तारा,
बऱ्याचशा लोंबत्या, तीन-चार अजून ताठ.
उठावाच्या अक्षरांतलं नुसतं बर्लिन वाचता आलं.
"पियानो व्हता म्हणे," व्यंकट म्हणाला,
"बाकी लाकूड दुसऱ्यानं नेलं."

मी गाडीवर चढलो, केबिनची किल्ली
तांबं गुंडाळलेल्या जाड तारेवर मारली.

आवाज मोठा नव्हता.
पण तो संपेना.
भट्टी चालू होती, रस्त्यानं कंटेनर गेला,
त्या सगळ्याच्या खालून तो आपला
चाललेलाच, चाललेलाच, अनवाणी.
मी वळून आकड्याकडं पाहिलं.
तेवढाच.

सांगाडा मागितला मी. मुकादम म्हणाला,
काट्यावर चढलं की भंगार कंपनीचं.
पहाटे चुंबकानं उचललं तेव्हा
एक तार उगाच वाजली.

मग रात्रपाळीत मोबाइलवर शोधायला लागलो.
पहिले काही जण गारपिटीसारखे पडले,
छान होते, पण मला पत्र्याखाली उभं राहावं लागलं.
माझ्या कानाला पेटी माहीत, एकतारी माहीत;
यमन सापडला म्हणेपर्यंत
हा डावा हात भलतीकडंच वळायचा.
एकविसाव्या रात्री की बाविसाव्या,
शूबर्ट.

काही नाही, एक माणूस स्वतःशी बोलत
बांधाबांधानं चाललाय, घाई नाही,
आणि एकदम खाली, फार खोल,
एक थरथर.
आमची रोलिंग मिल दूरवर चालू असावी तशी.
मग तो थांबतो.
किती वेळ थांबतो!
मला वाटलं, रेंज गेली.
मग जिथं सोडलं होतं तिथूनच पुन्हा बोलायला लागतो,
जणू थरथर त्यानं ऐकली, पण विचारलं नाही.

एकतिसाव्या वर्षी वारला.
हे त्यानं दोनच महिने आधी लिहिलेलं.
मी चौतीस पूर्ण केलीत,
आणि माझ्या अक्षरात फक्त पावत्या आहेत.

"काय ऐकायलास रे रातभर?" भट्टीवरचे अश्रफभाई.
"शूबर्ट."
"शुभार्थ? आपल्या परतूरचा का?"
हाव म्हणालो. तिथलाच असता तर काय बिघडलं असतं.

मंजुळा बियाणं कंपनीत पाकिटं मोजते.
तिला एक कान दिला, एक मी ठेवला.
बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली,
मोजता मोजता आकडा विसरलाय हा माणूस,
आणि त्याला बरं वाटायलंय.
एवढं मला जमलं नसतं सांगायला.

आता मिलची थरथर सुरू झाली की
मी पुढच्या थांबण्याची वाट बघतो.
मिल थांबत नाही. तिचं कामच नाही ते.

पण परवा पहाटे लाईट गेली.
रोल थांबले, पंखे थांबले,
काट्यावर भरलेली गाडी उभी,
आणि आकडेच नाहीत, काळी काच नुसती.
आली ती शांतता. तीच. तेवढीच लांब.
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

"किती भरलं?" ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं.

थांब जरा, म्हणालो.