दोन माणसांचं वजन

गुरुवारी पहाटे पावणेसहाला आमची गाडी
डेंडर नदीवरचा पूल ओलांडते.
मी मागच्या पायरीवर, हातमोजे ओले,
आणि पडदा सांगत जातो कोण किती टाकतं:
अकरा नंबर, चौदा किलो. घरात नवं बाळ.
तेरा नंबर, महिनाभर शून्य. मंडळी स्पेनला.
चोरानं विचारलं असतं तर त्यालाही सांगितलं असतं.

डब्याच्या कडेखाली बटणाएवढी चिप आहे.
तिला बॅटरी नाही, स्वतःचा श्वास नाही.
विचारणाऱ्याच्याच दमावर ती बोलते
आणि कुणी विचारलं नाही तर वर्षानुवर्षं गप्प.
आमच्या गल्लीत इतकं गुणी माणूस एक नाही.

सतरा नंबर: लिओन्तिन.
सिरील होता तोवर नऊ, साडेनऊ किलो,
कबुतरांच्या खुराड्यातली घाण धरून.
फेब्रुवारीत सिरील गेला.
नऊवरून तीन पूर्णांक एक.
मग पत्र आलं, वर हिरवं पान छापलेलं:
अभिनंदन! आपण कचरा दोन तृतीयांशाने घटवलात.
फाटकाशी उभं राहून तिनं ते मला दाखवलं.
"नगरपालिकेला आधी कळलं," म्हणाली,
"माझ्या बहिणीला मी अजून कळवलंच नव्हतं."

पुढच्या गुरुवारी डबा उलटला
आणि आत धाडकन काहीतरी आदळलं.
पडदा म्हणाला: नऊ पूर्णांक चार.
फळी दाबायच्या आत आकड्यानं ओढून काढल्या
दोन विटा, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या,
डबा खाताना आवाज करू नये म्हणून.
लुडो स्टिअरिंगवरून आरशात बघत होता.
बघत राहिला. हॉर्न नाही वाजवला.
विटा मी तिच्या भिंतीपाशी परत ठेवल्या.

असे आता एकवीस गुरुवार.
ती किलोमागे पैसे भरते मेलेल्या माणसाचे
आणि यंत्राच्या लेखी सतरा नंबरात
कुणीतरी अजून दाढीची पाती टाकतंय,
फाटके मोजे, तंबाखूची रिकामी पुडी.

मे महिन्यात लीकच्या वाफ्यासाठी तिनं खत नेलं,
आमच्याच आगारातलं, गावच्याच सालपटांचं.
चाळताना वर आली एक चंदेरी चौकोनी गुंडाळी,
कुणाच्या कॉलरमधली, की पेरांच्या खोक्यावरची, देव जाणे.
माती सगळं खाते हो, म्हणाली, सिरीललाही खातेच आहे,
ह्याला मात्र तोंड लावत नाही.
मग ती माझ्या हातमोज्यावर ठेवली:
"आणि ह्याचं वजन कोण करतं?"
मी काय सांगणार. गाडी सुरू होती.
खिशात टाकली. अजून आहे, किल्ल्यांना घासत.

कबुतरं तिनं निनोव्हच्या एकाला विकून टाकली होती.
मंगळवारी त्यातली निळी मादी परत आली,
पायात चिपचं कडं.
खुराड्याच्या फळीवर तिनं पाऊल ठेवलं मात्र,
शर्यतीचं घड्याळ, जे बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं,
टुक् करून वाजलं.
चार वाजून बारा मिनिटं. पोचली.
लिओन्तिन खाली कॉफी गाळत होती.
सांगत होती, क्षणभर हात तसाच थांबला,
आता हा धडाधड जिना चढेल,
टोपी उलटी, तोंडात शिटी.
जिना काही वाजला नाही.
वर गेले, तर बाई माझ्याकडेच बघत होत्या,
मान तिरकी करून, भाडं मागायला आल्यासारख्या.

आज सतरा नंबरला सहा पूर्णांक दोन.
पडद्यानं काही विचारलं नाही, लुडोनंही नाही.
आकड्याला एकच वीट लागली.
ती भिंतीपाशी ठेवायला वाकलो
तर दुसरी तिथं आधीच होती, कोरडी,
वर मूठभर मका.